वाहतूक-निरीक्षण, प्रच्छन्न

रस्त्यावरील वाहतुकीचे किरकोळ नियमभंग शोधून काढण्यासाठी पोलिसांनी आपली ओळख किंवा उपस्थिती लपवून केलेली टेहळणी व तिच्या आधारे केलेली कारवाई. झाडाआड किंवा वळणापलीकडे थांबून वेग मोजणे, साध्या वेशात पादचारी म्हणून रस्ता ओलांडणे, खाजगी गाडीसारख्या दिसणाऱ्या वाहनातून गस्त घालणे, छुप्या कॅमेऱ्याने वाहनाचे छायाचित्र टिपणे हे तिचे परिचित प्रकार होत. पोलीस ठराविक जागी दबा धरून वेगमर्यादेचा भंग पकडतात, त्या प्रकारास वेगपाश किंवा वेगसापळा असेही म्हणतात.

चोरी, मारहाण वा फसवणूक या गुन्ह्यांत कोणीतरी फिर्यादी असतो. वाहतुकीच्या किरकोळ गुन्ह्यांत तो बहुधा नसतो. तांबडा दिवा असताना चौक ओलांडून गेलेल्या वाहनाने कोणास धक्का दिला नाही, तर त्याबद्दल पोलीस ठाण्यात कोणीही जात नाही. त्यामुळे असा गुन्हा पोलिसाने स्वतः पाहावा लागतो. आणि पोलीस दिसताच चालक वेग कमी करतो, आसनपट्टा ओढतो, कानाचा भ्रमणध्वनी खाली ठेवतो. गणवेशातील शिपाई उभा असेल तेवढ्या जागी गुन्हा टळतो, पण सापडत नाही; लपलेल्या शिपायास तो सापडतो, पण त्या क्षणी टळत नाही. या विषयावरील सर्व वाद अखेर या एका अडचणीतून निघालेले आहेत.

वेषांतर करून गुन्हेगार हुडकण्याची कल्पना अर्थातच जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील कंटकशोधन या अधिकरणात लाचखाऊ अधिकारी व गुप्तपणे उपजीविका करणारे गुन्हेगार यांस पारखण्यासाठी गूढपुरुषांची योजना सांगितली आहे. मात्र तेथे रोख गंभीर अपराधांवर आहे. सामान्य, एरवी कायदा पाळणाऱ्या नागरिकांविरुद्ध रोजच्या व्यवहारात हीच युक्ती वापरली जाऊ लागली ती मोटारगाडीच्या आगमनानंतर.

इतिहास : वेगाबद्दल मोटारचालकास शिक्षा झाल्याचे एक सर्वांत जुने उदाहरण इंग्लंडमधील केंट परगण्यात पॅडक वुड येथे २८ जानेवारी १८९६ रोजी घडले. मोटारगाड्यांचा कारखानदार वॉल्टर अर्नल्ड हा ताशी २ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावरून ताशी ८ मैल वेगाने गेला आणि एका शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यास पकडले. हा पाठलाग उघड होता. त्याच वर्षी ताशी १४ मैलांपर्यंतच्या वेगास कायद्याने मुभा मिळाली आणि १९०३ च्या मोटारगाडी अधिनियमाने ही मर्यादा ताशी २० मैल (सु. ३२ किमी.) केली. वाहनास क्रमांकपट्टी व चालकास परवाना हीही याच अधिनियमाची देणगी होय. क्रमांकपट्टीमुळे पळून गेलेले वाहनही मागाहून ओळखता येऊ लागले. छुप्या टेहळणीचा खरा पाया येथे घातला गेला.

अधिनियम अंमलात येताच लंडनहून ब्रायटन व पोर्ट्‌स्मथकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पोलिसांनी सापळे लावण्यास सुरुवात केली. रस्त्याचा एक टप्पा मोजून त्याच्या दोन्ही टोकांस कुंपणाआड शिपाई बसत. गाडी पहिल्या टोकावरून गेली की एकजण हातरुमाल हलवून इशारा करी, दुसरा स्टॉपवॉच चालू करी आणि पुढे उभा असलेला तिसरा गाडी थांबवी. ही रीत दिसते तितकी काटेकोर नव्हती. टप्पा एक फर्लांगाचा धरला, तर ताशी २० मैल वेगाने तो ओलांडण्यास साडेबावीस सेकंद लागतात. इशारा पाहून कळ दाबण्यात दोन सेकंदांची चूक झाली की अगदी मर्यादेत चाललेली गाडीही ताशी २२ मैल वेगाची ठरे. दंडाधिकाऱ्यांपुढे मात्र शिपायाच्या घड्याळाविरुद्ध चालकाचा शब्द एवढाच सामना असे. वेगाविषयी एकाच साक्षीदाराच्या केवळ मतावरून कोणास दोषी ठरवू नये, असे बंधन १९०३ च्या अधिनियमातच घातलेले होते; घड्याळाचा वापर हा या बंधनावरचा उपाय होता.

या सापळ्यांना उत्तर म्हणून २९ जून १९०५ रोजी लंडनमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढे वाटेत बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी म्हणून ती जगप्रसिद्ध झाली, पण तिचे मूळ काम सायकलस्वार नेमून सभासदांना पुढील सापळ्याची सूचना देणे हे होते. अशी सूचना देणे हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरतो काय, हा प्रश्न लवकरच न्यायालयात गेला. १९०७ च्या एका निर्णयात, सूचना मिळालेले चालक आधी वेगमर्यादा ओलांडत होते हे सिद्ध न झाल्याने अडथळा झाला नाही, असे ठरले. यानंतरच्या बेट्स वि. स्टीव्हन्स या खटल्यात (वृत्तांत प्रसिद्ध १९१०) चालक प्रत्यक्ष जास्त वेगात असताना त्यास सावध केले होते. सरन्यायाधीश लॉर्ड ॲल्व्हरस्टोन यांच्या न्यायालयाने हे कृत्य अडथळ्याचा गुन्हा ठरवले. चालू असलेल्या गुन्ह्याचा पुरावा त्यामुळे नाहीसा होतो, असे त्यामागील तत्त्व होते. यातून संस्थेने काढलेली वाट मोठी मासलेवाईक आहे. संस्थेचे बिल्ले लावलेल्या गाडीस तिचा गस्तवाला नेहमी सलाम करी. ज्या दिवशी तो सलाम करणार नाही, त्या दिवशी सभासदाने गाडी थांबवून कारण विचारावे, असा संकेत ठरला. सलाम न करणे हा काही गुन्हा होऊ शकत नव्हता. हा सलाम १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभापर्यंत टिकून होता, तोवर अनेकांना तो निव्वळ शिष्टाचार वाटत असे. कायद्याचा मुद्दा मात्र जुना झाला नाही : २००५ मध्येही इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने, सावध केलेला चालक नियमभंग करत होता किंवा करण्याच्या बेतात होता हे दाखवल्याखेरीज अडथळ्याचा आरोप टिकत नाही, असा निर्णय दिला.

मोटारगाड्यांविषयी १९०५ साली नेमलेल्या शाही आयोगासमोरही सापळ्यांचा विषय आला. सापळे वस्तीच्या धोक्याच्या जागी न लावता मोकळ्या, सरळ रस्त्यावर, जेथे गाड्या हमखास सापडतात तेथे लावले जातात आणि त्यामागे जीविताच्या रक्षणापेक्षा उत्पन्नाचा विचार असतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. १९३० च्या अधिनियमाने ब्रिटनमध्ये हलक्या मोटारींवरील वेगमर्यादाच उठवली. १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा आली.

दुसऱ्या महायुद्धातील रडार तंत्रातून वेगमापक रडार तयार झाले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी ग्लॅस्टनबरी येथे १९४७ मध्ये त्याची चाचणी घेतली आणि १९४९ पासून त्याआधारे दंड सुरू केले. नेदर्लंड्‌सचा मोटारशर्यतपटू मॉरिस गॅट्सोनाइड्स याने वळणांवरील स्वतःचा वेग तपासण्यासाठी केलेल्या उपकरणातून पुढे स्वयंचलित वेगकॅमेरा विकसित झाला. ज्याचा शोध अधिक वेगाने जाण्यासाठी लागला, तो वेग रोखण्यासाठी सर्वाधिक वापरला गेला.

अमेरिकेतील कायदा व महसुलाचा प्रश्न : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत छुप्या वाहतूक-निरीक्षणावर सर्वांत कडक बंधने आहेत आणि त्याचा सर्वांत मोठा दुरुपयोगही तेथेच झाला. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेनुसार ज्या अधिकाऱ्याचे मुख्य काम वाहतूक नियमांची अंमलबजावणी हे आहे, त्याने पूर्ण गणवेश घातला पाहिजे व त्याची गाडी विशिष्ट रंगाची असली पाहिजे. मोजलेल्या टप्प्यावर वेळ धरून वेग काढणे तेथे निषिद्ध आहे. जेथे ठराविक मुदतीत शास्त्रीय पाहणी करून वेगमर्यादेचे समर्थन केलेले नाही, तेथे काही प्रकारच्या रस्त्यांवर रडारचा वापरही ‘वेगपाश’ ठरतो. नियम मोडून मिळवलेला पुरावा ग्राह्य नसतो, इतकेच नव्हे तर त्या अधिकाऱ्याची साक्षच अपात्र ठरते. ओहायओ राज्यातही खुणेच्या गाडीबाबत असाच साक्षीचा नियम आहे.

असे कायदे करावे लागले, कारण दंडाची रक्कम स्थानिक नगरपालिकेच्या तिजोरीत जात असे. महामार्गाचा छोटासा तुकडा हद्दीत असलेली खेडी परगावच्या चालकांच्या दंडावर चालू लागली. दंड करणारा महापौरच खर्चाचाही जबाबदार, अशी ओहायओतील पद्धत होती. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मद्यबंदीच्या एका प्रकरणात, निकालात स्वतःचा आर्थिक लाभ असलेल्या न्यायाधीशापुढे खटला चालवणे घटनाबाह्य ठरवले. मन्रोव्हिल या गावाच्या वाहतूक दंडाच्या प्रकरणात हे तत्त्व १९७२ मध्ये आणखी पुढे नेण्यात आले : महापौरास व्यक्तिशः पैसा मिळत नसला, तरी गावाच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याने केलेल्या दंडांतून येत असेल, तर तो निःपक्षपाती न्यायाधीश नव्हे. त्या गावाचे १९६४ मधील सु. ४६,००० डॉलर उत्पन्नापैकी निम्म्याहून अधिक उत्पन्न अशा दंडशुल्कांचे होते. सु. ६० वस्तीचे न्यू रोम हे ओहायओतील गाव तर वेगपाशासाठी इतके कुप्रसिद्ध झाले की, २००४ मध्ये त्याचा स्वतंत्र गाव म्हणून असलेला दर्जाच रद्द झाला. मिसूरी राज्याने १९९५ मध्ये वाहतूक दंडातून गावाने किती उत्पन्न ठेवावे यावर कायद्याने मर्यादा घातली. तरीही त्याच राज्यातील फर्ग्युसन शहराविषयी केंद्रीय न्याय खात्याने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, पोलीस व न्यायालय हे दोन्ही महसुलाच्या दडपणाखाली चालत होते आणि त्याचा भार कृष्णवर्णीय रहिवाशांवर अधिक पडत होता, असे आढळून आले. दंड भरता न आल्याने तारीख चुकते, तारीख चुकल्याने अटकेचे अधिपत्र निघते, ही साखळी गरीब चालकाच्या बाबतीत किरकोळ गुन्ह्याला किरकोळ राहू देत नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘निमित्ताच्या’ कारवाईचा आहे. जून १९९३ मध्ये वॉशिंग्टन शहरात साध्या वेशातील, अमली पदार्थविरोधी कामावरील पोलीस खूण नसलेल्या गाडीतून जात असता, थांब्याच्या पाटीपाशी एक गाडी वीस सेकंदांहून अधिक काळ रेंगाळलेली त्यांस दिसली. पोलिसांनी आपली गाडी वळवताच ती इशारा न देता वळून वेगाने निघाली. पोलिसांनी तिला पुढच्या चौकात गाठले, तेव्हा आतील प्रवाशाच्या हातात अमली पदार्थाच्या पिशव्या होत्या. याच पोलीस दलाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे साध्या वेशातील अधिकाऱ्याने, इतरांच्या सुरक्षिततेस तात्काळ धोका असल्याखेरीज, वाहतुकीच्या नियमभंगासाठी कोणाला थांबवणे वर्ज्य होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एकमताने असा निर्णय दिला की, नियमभंग खरोखर घडला असे मानण्यास सबळ कारण असेल, तर पोलिसाचा मनातील हेतू अप्रस्तुत आहे आणि दलाचे अंतर्गत नियम ठिकठिकाणी निराळे असल्याने ते घटनेची कसोटी होऊ शकत नाहीत. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. वाहतुकीचे नियम इतके बारीक आहेत की कोणाच्याही मागे थोडा वेळ गाडी ठेवली तर एखादा भंग सापडतोच. मग कोणाच्या मागे जायचे हे ठरवण्याचा अधिकार हाच खरा अधिकार ठरतो आणि तो कोणाच्याही तपासणीखाली येत नाही.

वेषांतराचे प्रकार : पादचारी पट्ट्यांवर साध्या वेशातील शिपाई रस्ता ओलांडू लागतो आणि त्यास वाट न देणाऱ्या गाड्या पुढे उभे असलेले गणवेशधारी सहकारी थांबवतात. या पद्धतीत न्याय्यतेची काळजी घेणे शक्य असते : वेगमर्यादेत असलेल्या चालकास थांबण्यासाठी लागणारे अंतर आधी मोजून तेथे खूण करतात आणि गाडी त्या खुणेच्या पलीकडे असतानाच शिपाई पाऊल टाकतो. फ्लॉरिडातील मायामी बीच येथील अशा मोहिमेच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दंडाबरोबर ताकीद व माहितीपत्रके यांचाही वापर केल्यावर वाट देणाऱ्या चालकांचे प्रमाण वाढले आणि मोहीम थंडावल्यावरही टिकून राहिले, असे दिसले. इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्‌स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या वेशातील शिपाई कॅमेऱ्यासह सायकलवर पाठवले. त्यांच्या फार जवळून गाडी नेणाऱ्या चालकांस पुढे थांबवून, खटला अथवा सायकलस्वारापासून किती अंतर ठेवावे याचे तेथल्या तेथे प्रात्यक्षिक, असा पर्याय देण्यात आला. भ्रमणध्वनी चालकाच्या मांडीवर असतो व बाहेरून दिसत नाही. म्हणून न्यूयॉर्क राज्य पोलीस उंच आसनाच्या, खूण नसलेल्या गाड्या वापरतात व ब्रिटनमध्ये २०१५ पासून मालमोटारींच्या उंच चालककक्षांतून टेहळणी केली जाते. अमेरिकेत काही ठिकाणी शिपायांनी रस्ता-कामगारांचा, तर कोठे चौकात फलक धरून बसलेल्या निराधाराचा वेष घेतल्याचीही उदाहरणे आहेत. हा शेवटचा प्रकार चांगला म्हणता येत नाही. चौकातील खऱ्या निराधाराकडे संशयाने पाहण्याची सवय त्यातून लागते. फ्रान्समध्ये २०१८ पासून रडार बसवलेल्या साध्या गाड्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांकडून चालवल्या जातात. मार्ग व वेळ शासन ठरवते आणि दंडांच्या संख्येवर कंपनीचा मोबदला अवलंबून नसतो.

परिणामकारकता : शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या निश्चितीने गुन्ह्यास आळा बसतो, हे इटालियन विचारवंत बेक्कारीआ याने १७६४ मध्येच मांडले. छुप्या टेहळणीचे समर्थन याच विचारावर उभे आहे. उघड कॅमेऱ्याजवळ चालक वेग कमी करतात व तो मागे पडताच पुन्हा वाढवतात. कॅमेरा कोठे आहे हे माहीत नसेल, तर सर्वच रस्त्यावर सावध राहावे लागते. न्यूझीलंडमध्ये १९९७ पासून एका विभागात केलेल्या प्रयोगात नेमके हे तपासण्यात आले. ताशी १०० किमी. मर्यादेच्या रस्त्यांवर छुप्या कॅमेऱ्यांमुळे वेग, अपघात व जखमींची संख्या ही तिन्ही घटली आणि हा परिणाम कॅमेऱ्याच्या जागेपुरता न राहता विभागभर पसरला. मात्र तेथे छुपे कॅमेरे वापरात आहेत याची पुरेशी प्रसिद्धी झाली होती. जागा गुप्त, पण योजना जाहीर, ही जोडी महत्त्वाची आहे. योजनाही गुप्त ठेवली, तर टपालाने दंडाची सूचना येईपर्यंत चालकाच्या वर्तनात काहीच फरक पडत नाही, आणि तोवर अपघात व्हायचा तो होऊन जातो.

लोकमत मात्र नेहमीच उघड कॅमेऱ्यांच्या बाजूने राहिले आहे. ब्रिटनमध्ये दंडातील काही रक्कम कॅमेरे चालवण्यासाठी वापरण्याची योजना सुरू झाल्यावर शासनाला २००१ मध्ये कॅमेरे पिवळे रंगवण्याचा निर्णय घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने फिरत्या कॅमेऱ्यांपुढील सूचनाफलक २०२० च्या अखेरीस काढून टाकले, दंडांची संख्या झपाट्याने वाढली आणि जनतेच्या रोषामुळे फलक परत लावावे लागले.

खूण नसलेल्या गाडीचा आणखी एक धोका तोतया पोलिसांचा आहे. रात्री निर्जन रस्त्यावर साध्या गाडीतील माणसाने दिवा लुकलुकवून थांबण्यास सांगितले, तर थांबावे की नाही, हा विशेषतः एकट्या स्त्रीपुढील खरा पेच असतो. म्हणून अनेक देशांत टेहळणी कोणीही केली, तरी वाहन थांबवण्याचा अधिकार गणवेशातील अधिकाऱ्यासच दिलेला आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ता वाहतूक अधिनियमातील कलम १६३ हे याचे उदाहरण होय.

भारतातील स्थिती : भारताच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये प्रच्छन्न निरीक्षणाची स्पष्ट मनाई नाही, परंतु त्याच्या मर्यादा विखुरलेल्या कलमांतून दिसतात. कलम १३० प्रमाणे चालकाने परवाना दाखवायचा तो गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर. धोकादायक वा मद्यधुंद अवस्थेतील वाहनचालनाबद्दल अधिपत्राविना अटकेचा कलम २०२ खालील अधिकारही गणवेशाशीच जोडलेला आहे. साध्या वेशातील शिपाई पाहू शकतो, नोंद करू शकतो; कागदपत्रांची मागणी त्याने करणे मात्र या कलमांच्या बाहेरचे ठरते. कलम १८३ नुसार वेगाबद्दल केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या नोंदीवर आधारलेले असावे लागते. १९०३ च्या ब्रिटिश तरतुदीचाच हा वारसा आहे.

व्यवहारात चौकाच्या कोपऱ्याआड, उड्डाणपुलाच्या उतारावर किंवा एकदिशा मार्गाच्या आतल्या टोकाशी थांबून दुचाकीस्वारांना पकडण्याची रीत महाराष्ट्रातील शहरांत सर्वपरिचित आहे. एकदिशा मार्गाच्या तोंडाशी उभा राहिलेला शिपाई चुकणाऱ्याला परत वळवू शकला असता. आत उभा राहिल्याने तो फक्त दंड करू शकतो. शिवाय समोरासमोर रोख पैशांची देवघेव होई, तोवर लपून पकडणे व लाच मागणे यांत सामान्य माणसाला फरक करता येत नसे. महाराष्ट्रात २०१६ नंतर टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ई-चलान पद्धतीने रोख व्यवहार बराच कमी केला. पण पोलिसाने दुरून छायाचित्र काढायचे आणि मालकाला पुढे केव्हातरी संदेशाने दंड कळायचा, असा नवा प्रच्छन्न प्रकार त्यातून निर्माण झाला. खाजगी भ्रमणध्वनीवर अशी छायाचित्रे काढून नंतर ती यंत्रणेत भरण्याबद्दल तक्रारी वाढल्यावर, २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने त्यास मनाई करणारे परिपत्रक काढले. मालकाने गाडी दुसऱ्यास दिलेली असेल, तर कलम १३३ अन्वये चालकाची माहिती देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते.

अधिनियमात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३६अ अन्वये इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे नियम २०२१ मध्ये जाहीर झाले. दहा लाखांवर वस्तीच्या व इतर निवडक अशा १३२ शहरांची यादी त्यात असून त्यांपैकी १९ महाराष्ट्रातील आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७अ प्रमाणे कॅमेरे व वेगमापके धोक्याच्या व अधिक रहदारीच्या मार्गांवर बसवायची असून, त्यांच्या कक्षेत येणाऱ्या टप्प्याच्या आधी सूचनाफलक ठळकपणे लावणे आवश्यक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेली कॅमेऱ्यांची यंत्रणा याच पद्धतीची आहे. हे फलक बंधनकारक आहेत ते उपकरणांना. वळणाआड हातात वेगमापक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला ते कितपत लागू होतात, यावर नियमात स्वतंत्र तरतूद केलेली आढळत नाही.